पूल टिकतात कसे? देखभालीचे शास्त्र आणि हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) वेरूळला जाणाऱ्या सहली वाटेत दौलताबादला थांबतातच. किल्ल्यात शिरल्यावर मुख्य डोंगराभोवती काळ्या बसाल्टात खोदलेला खंदक लागतो. आज आपण तो लोखंडी पुलावरून ओलांडतो. त्याच्या खालच्या पातळीवर जुना अरुंद दगडी पूल दिसतो. शत्रू आला की खंदकातील पाणी चढवून हा पूल बुडवायचा, अशी योजना असल्याचे सांगतात. म्हणजे तो पूल हवा तेव्हा निरुपयोगी व्हावा असाच बांधलेला होता!

आपल्या रोजच्या वापरातील पुलांकडून मात्र नेमकी उलटी अपेक्षा असते. ऊन असो, पूर असो, उसाने लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असो, पूल चालू राहिला पाहिजे. तो बांधताना समारंभ होतो, पाटी लागते. पुढची पन्नास-शंभर वर्षे तो टिकतो कशामुळे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पूल पडला म्हणजेच तो विचारला जातो. या लेखात आपण त्याचा विचार आधीच करू. पूल का झिजतो, झीज कशी ओळखायची आणि हाती असलेल्या मोजक्या पैशांत कोणत्या पुलाचे कोणते काम आधी करायचे, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

पडलेले पूल काय सांगतात?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा पूल पुरात कोसळला. तो १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. राज्य परिवहन मंडळाच्या दोन बस आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली आणि काहींचा शोध कधीच लागला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे आढळले होते, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. नवा पूल विक्रमी वेगाने, १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. त्यासाठी सुमारे ३५ कोटी रुपये लागले.

पूल जुना होता म्हणून पडला, असे म्हणून हा विषय संपवता येईल का? गोव्याचे उदाहरण पाहा. पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० साली बांधलेला पूर्वताणित काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याचे वय होते अवघे सोळा वर्षे. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरातील बारापुल्ला, मकई आणि महमूद दरवाजांना लागून खाम नदीवर असलेल्या जुन्या दगडी पुलांनी बैलगाड्यांचा काळ पाहिला आणि मोटारींचाही पाहिला. तेव्हा केवळ वयावरून पुलाची प्रकृती ठरवता येत नाही. तो कशाचा आहे, कोठे उभा आहे आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिले, यांवर ती ठरते.

पुलाचा पहिला शत्रू : वरचे पाणी

पावसाचे पाणी पुलावर साचू नये म्हणून कठड्याजवळ ठरावीक अंतरावर पाणी खाली सोडणारे नळ बसवलेले असतात. माती, पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांनी हे नळ तुंबतात. मग पाणी स्लॅबच्या सांध्यांतून झिरपते आणि नेमके खांबाच्या माथ्यावर, तुळयांच्या टोकांवर उतरते. नळ साफ करायला एक मजूर, एक गज आणि अर्धा दिवस लागतो. ते न केल्यास काय होते, याचे रसायनशास्त्र शाळेतच समजावता येते.

ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ असतो. अशा वातावरणात पोलादी सळईवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि ती गंजत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो. तेथील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि सामू ९ च्या खाली जातो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की तिचे कवच नष्ट होते. आता ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज चढू लागतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने तो काँक्रीटला आतून रेटतो. प्रथम सळईच्या रेषेत भेग पडते, मग वरचा थर सुटून पडतो आणि सळई उघडी होते. त्यानंतर गंज झपाट्याने वाढतो.

कार्बनीकरण किती खोल गेले आहे हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. काँक्रीटचा टवका नुकताच उडवलेला असेल, तर त्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडतात. अल्कधर्मी भाग गुलाबी होतो. कार्बनीकरण झालेला भाग तसाच राहतो. जे दर्शक आपण प्रयोगशाळेत अनुमापनासाठी वापरतो, तेच येथे पुलाची प्रकृती सांगते.

यात एक उपयोगी गणितही आहे. कार्बनीकरणाची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, ९ वर्षांत ती १० मिलिमीटर झाली. मग २० मिलिमीटर व्हायला ३६ वर्षे लागतील आणि ४० मिलिमीटर व्हायला १४४ वर्षे! सळईवरील काँक्रीटचा थर (त्याला कव्हर म्हणतात) दुप्पट केला तर आयुष्य चौपट होते, असा याचा अर्थ. म्हणून बांधताना कव्हरमध्ये केलेली कसूर पुढे फार महागात पडते. तसेच आज मोजलेल्या खोलीवरून सळईपर्यंत धोका केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधता येतो. देखभालीचे वेळापत्रक अशाच अंदाजांवर उभे असते. समुद्रकाठी मात्र हवेतील क्लोराइड आत शिरून सळईचे कवच सामू उतरण्याआधीच फोडते. तेथे हा हिशेब पुरेसा नसतो.

दगडी पुलांनाही ओलीचा त्रास होतो, पण त्याची तऱ्हा निराळी असते. दगडांमधील चुन्याचा दर्जा पावसाने धुपतो. फटीत पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजते. बोटाएवढे रोप उपटायला मिनिट लागते. दहा वर्षांनी त्याचीच मुळे कमानीचे दगड सरकवतात. अशा पुलाच्या दरजा भरताना सिमेंट वापरण्याचा मोह होतो. पण चुना मऊ असतो, थोडी हालचाल सोसतो आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. कठीण सिमेंट ओल आतच कोंडते आणि शेजारचे दगड फुटू लागतात. जुन्या बांधकामाला त्याच्याच जातीचे औषध लागते.

दुसरा शत्रू : ऊन

मराठवाड्यात डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी पुलाच्या तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. पोलाद आणि काँक्रीट दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे बारा भाग प्रसरण पावतात. मग ३० मीटरच्या एका गाळ्याची लांबी ३० × ३० × ०.००००१२ म्हणजे सुमारे ०.०११ मीटर, अर्थात ११ मिलिमीटर बदलते. या हालचालीसाठीच दोन गाळ्यांमध्ये प्रसरण सांधा ठेवतात आणि तुळईखाली सरकणारे किंवा रबरी बेअरिंग बसवतात. सांध्यात खडी-माती अडकली किंवा बेअरिंग गंजून जाम झाले, की ही ११ मिलिमीटरची ओढ खांबाच्या माथ्यावर येते आणि तेथे तडे जातात. रस्त्यावर डांबराचा नवा थर घालताना सांधाच बुजवून टाकणे, हा नेहमी होणारा प्रकार आहे. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो आणि खाली पूल तडकत असतो.

तिसरा शत्रू : खालचे पाणी

सर्वांत घातक झीज डोळ्यांना दिसत नाही. ती नदीच्या तळाशी होते. पुराचे पाणी खांबावर आदळते, खाली वळते आणि खांबाच्या पायाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा तयार करते. हा भोवरा वाळू उचलून नेतो आणि खांबाभोवती खड्डा पडतो. अभियंते याला स्काउर म्हणतात. पूर ओसरताना मंदावलेल्या पाण्यातील गाळ त्याच खड्ड्यात बसतो. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो, पण पायाभोवती भुसभुशीत गाळच असतो. म्हणून कोरड्या नदीत उभे राहून केलेली पाहणी पायाबद्दल फारसे काही सांगू शकत नाही.

वाळूच्या तळात पूर किती खोल खणेल याचा अंदाज करण्यासाठी जेरल्ड लेसी या कालवे-अभियंत्याचे सूत्र आपल्याकडे वापरले जाते. लेसी यांनी ते भारतातील कालव्यांच्या निरीक्षणांवर बसवले होते. नदीच्या रुंदीच्या दर मीटरमागे दर सेकंदाला जाणाऱ्या पाण्याचा (घनमीटरमध्ये) वर्ग करायचा, त्याला वाळूच्या जाडीवर ठरणाऱ्या गुणकाने भागायचे, घनमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. आलेले उत्तर म्हणजे पुराच्या पृष्ठभागापासून तळापर्यंतची सरासरी खोली. खांबाजवळ याच्या दुप्पट खोली धरतात.

उदाहरणार्थ, दर मीटर रुंदीतून सेकंदाला १० घनमीटर पाणी जात असेल आणि गुणक १ असेल, तर १०० चे घनमूळ ४.६४. त्याला १.३४ ने गुणले की ६.२ मीटर आणि खांबाजवळ १२.४ मीटर. आता भराव टाकून किंवा अतिक्रमणाने पाण्याची वाट निम्मी झाली असे समजा. दर मीटरमागचे पाणी २० घनमीटर होईल. गणित केल्यास खांबाजवळची खोली १९.७ मीटर येते. पूर तोच, पूल तोच, पण पाया सात मीटरहून अधिक खोल हवा! वाळूउपसा झाल्यावरही तसेच होते. तळ मुळातच खाली गेल्याने खांब उघडा पडतो. म्हणून पुलाची देखभाल पुलापुरती करून भागत नाही. पुलाच्या वरची आणि खालची नदीही पाहावी लागते. १९१६ साली सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्यांच्या लहान प्रतिकृती करून अशा प्रश्नांचा अभ्यास होतो.

दौलताबादच्या खंदकातील पुलाला ही भीती नाही, कारण तो अखंड बसाल्टावर उभा आहे. आपल्या पठारावर अनेक ठिकाणी खडक उथळ लागतो, हे आपले भाग्य. जेथे पाया वाळूत किंवा मुरमात आहे, तेथे मात्र दर मोठ्या पुरानंतर पाण्यात उतरून किंवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाची खोली मोजणे आवश्यक आहे.

तपासणी कशाला म्हणावे?

१५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मरण पावली. साखळीच्या एका लोखंडी पट्टीत अवघी दोन-अडीच मिलिमीटर खोल चीर होती. त्यानंतर त्या देशाने पुलांच्या नियमित तपासणीची राष्ट्रीय पद्धत घालून दिली. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने तपासणी आणि देखभालीची मार्गदर्शिका (एसपी-३५) तयार केली आहे. नेहमीची नजरेने केलेली पाहणी, ठरावीक वर्षांनी प्रत्येक भागाजवळ जाऊन केलेली सविस्तर तपासणी आणि पूर, भूकंप वा अपघातानंतरची विशेष तपासणी असे तिचे प्रकार आहेत.

पण तपासणी झाली म्हणजे काम झाले असे नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळून काही पादचारी मरण पावले. त्याआधी झालेल्या संरचनात्मक तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे म्हटले होते. तपासणी होऊनही चुकीची होऊ शकते, हा त्याचा धडा. अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये २८ जानेवारी २०२२ रोजी फर्न हॉलो पूल कोसळला. तेथे तपासणी बरोबर होती. पाणी जाण्याच्या वाटा तुंबल्या आहेत, पाय गंजत आहेत, असे अहवालांत वर्षानुवर्षे लिहिले जात होते. ते वाचून कृती मात्र झाली नाही. आणि १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पादचारी पूल रविवारच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक वाचून माणूस थांबतोच असे नाही. धोकादायक पूल खरोखर अडवावा लागतो.

म्हणून तपासणी, नोंद, निर्णय आणि काम ही साखळी आहे. यातील एक कडी निखळली तरी बाकीच्या तिन्हींचा खर्च वाया जातो.

आधी कोणता पूल?

महाडच्या दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली’ सुरू केली. पहिल्या फेरीत राष्ट्रीय महामार्गांवरील १,७२,५१७ बांधकामांची नोंद झाली. त्यांत १,३४,२२९ मोऱ्या, ३२,८०६ लहान पूल, ३,६४७ मोठे आणि १,८३५ अतिलांब पूल होते. म्हणजे शंभरातल्या ७८ तर साध्या मोऱ्याच! त्यांपैकी १४७ बांधकामांकडे तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे आढळले. प्रत्येक पुलाला एक ओळख क्रमांक आणि अक्षांश-रेखांश दिले गेले. शिवाय बांधकामाच्या स्थितीसाठी ० ते ९ मधील गुण आणि पुलाचे सामाजिक-आर्थिक महत्त्व दाखवणारे वेगळे गुण ठरवण्यात आले.

हे दोन वेगळे गुण कशासाठी? समजा, एका पाणंद रस्त्यावरील पूल वाईट स्थितीत आहे. पण त्यावरून दिवसाला पन्नास वाहने जातात आणि दोन किलोमीटरवर दुसरी वाट आहे. दुसरा पूल मध्यम स्थितीत आहे, पण दहा गावांना दवाखान्याकडे नेणारा तो एकमेव रस्ता आहे. पैसे एकाच पुलापुरते असतील तर? धोका म्हणजे पूल निकामी होण्याची शक्यता गुणिले त्याचे परिणाम. या गुणाकाराने पाहिल्यास बहुधा दुसऱ्याचा क्रमांक आधी लागेल आणि पहिल्यावर जड वाहनांना बंदी घालून ती काटेकोरपणे पाळावी लागेल.

येथे आणखी एक सापळा आहे. ‘सर्वांत वाईट पूल आधी’ हा नियम न्याय्य वाटतो. पण सगळी रक्कम अत्यवस्थ पुलांवर खर्च होत राहिली, तर आज ठीक असलेल्या पुलांचे नळ तुंबतात, सांधे बुजतात आणि दहा वर्षांनी तेही अत्यवस्थांच्या रांगेत येतात. रांग कधी कमीच होत नाही. शहाणी योजना दरवर्षीच्या रकमेचा एक भाग चांगले पूल चांगले ठेवण्यासाठी राखून ठेवते आणि त्याला हात लावू देत नाही. दवाखान्यात शस्त्रक्रिया चालू असताना लसीकरण थांबवत नाहीत, तसेच हे आहे.

रुपयाचा हिशेब

देखभाल स्वस्त पडते हे सर्वजण म्हणतात. ते आकड्यांनी तपासून पाहू. द सिटर यांनी १९८४ मध्ये काँक्रीटच्या बांधकामांसाठी ‘पाचाचा नियम’ मांडला. बांधतानाच एक रुपया खर्च करून जे साधते, त्याला नुकसान दिसण्यापूर्वीच्या देखभालीत पाच, नुकसान सुरू झाल्यावर पंचवीस आणि ते पसरल्यावर सव्वाशे रुपये लागतात. हा निसर्गनियम नव्हे, ठोकताळा आहे. पण दिशा बरोबर आहे.

आता आपले उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आम्ही कल्पिलेले आहेत. एक लहान पूल आहे. पहिल्या योजनेत काहीच करायचे नाही. तिसाव्या वर्षी ४० लाखांची मोठी दुरुस्ती आणि पंचेचाळिसाव्या वर्षी २ कोटींचा नवा पूल. एकूण २४० लाख. दुसऱ्या योजनेत दरवर्षी ४० हजारांची साफसफाई व किरकोळ कामे आणि दर दहा वर्षांनी ४ लाखांचे काम. ४५ वर्षांत १८ लाख अधिक १६ लाख, म्हणजे ३४ लाख आणि पूल शाबूत. निकाल स्पष्ट दिसतो.

पण हिशेबनीस आक्षेप घेईल, ‘आजचा रुपया आणि पंचेचाळीस वर्षांनंतरचा रुपया सारखा कसा?’ आक्षेप योग्य आहे. पुढचा खर्च आजच्या किमतीत आणण्यासाठी त्याला चक्रवाढ व्याजाने भागावे लागते. दर ५ टक्के धरला, तर पहिली योजना ३१.५ लाखांची आणि दुसरी १२.६ लाखांची होते. अजूनही दुसरीच स्वस्त. पण दर १० टक्के धरला तर? पहिली ५.० लाख आणि दुसरी ६.४ लाख. निकाल उलटला! म्हणजे ज्याला उद्याची फारशी किंमत वाटत नाही, त्याला पूल मोडू देणेच फायद्याचे दिसते. वर्षाच्या अंदाजपत्रकापलीकडे न पाहणारी कार्यालये नकळत हाच मोठा दर वापरत असतात.

मग आपला हिशेब फसला का? नाही, त्यात एक मोठी रक्कम धरायची राहिली. पूल सहा महिने बंद राहिला आणि रोज २,००० वाहनांना २० किलोमीटरचा वळसा पडला, तर किलोमीटरला १० रुपये धरून रोज ४ लाख रुपये जातात. १८० दिवसांत ७.२ कोटी, म्हणजे नव्या पुलाच्या साडेतीन पटींहून अधिक! ही रक्कम कोणत्याही खात्याच्या वहीत येत नाही. ती दूध नेणाऱ्याच्या, एसटीने शाळेत येणाऱ्या मुलीच्या आणि रुग्णाच्या नातेवाइकांच्या खिशातून जाते. तीही मोजली, तर १० टक्के दरानेसुद्धा तिची आजची किंमत ९.९ लाख होते आणि पहिली योजना १४.९ लाखांवर जाते. दुसरी ६.४ लाखांवरच राहते. आणि पूल वाहनांसह पडला तर जाणाऱ्या जिवांची किंमत यांपैकी कोणत्याच ओळीत नाही.

योजना काटकसरीची आहे की नाही हे ‘कोणाचा खर्च धरला’ यावर ठरते, हे या गणिताचे सार. वरिष्ठ वर्गांना चक्रवाढीचे उदाहरण म्हणून ते जरूर द्यावे. दर, वर्षे आणि वाहनसंख्या बदलून निकाल कोठे उलटतो हे विद्यार्थ्यांनीच शोधावे.

निसर्गाचा हिशेब

सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे अणुभारांवरून कोणीही काढू शकेल. एक टन क्लिंकर बनवताना केवळ या क्रियेतून सुमारे अर्धा टन वायू सुटतो. भट्टीच्या इंधनाचा त्याहून वेगळा. शिवाय वाळू, खडी, पोलाद आणि पाडलेल्या पुलाचा राडारोडा. उभ्या पुलाचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवले, तर हे सारे तेवढी वर्षे पुढे जाते. पाऊस अधिक जोराचा होत चालला असताना मोऱ्यांची तोंडे मोकळी ठेवणे तर आणखी महत्त्वाचे आहे. तुंबलेली मोरी म्हणजे रस्त्याआड नकळत बांधलेला बंधाराच.

शाळेत काय करता येईल?

एका उथळ ट्रेमध्ये बारीक वाळूचा चार-पाच सेंटीमीटर थर द्या. मध्ये जाड खडूएवढी काठी उभी रोवा. ट्रे किंचित कलता करून एका टोकाकडून रबरी नळीने संथ पाणी सोडा. थोड्याच वेळात काठीच्या पुढच्या बाजूस खड्डा पडू लागेल. प्रवाह वाढवा, खोली मोजा. मग दोन्ही बाजूंना विटा ठेवून वाट अरुंद करा आणि पुन्हा मोजा. शेवटी काठीभोवती खडे पसरून काय फरक पडतो ते पाहा. पुलाच्या खांबाभोवती दगड टाकतात ते कशासाठी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा उपक्रम आहे नोंदवहीचा. शाळेपासून दोन किलोमीटरच्या आतील मोऱ्या आणि लहान पूल निवडा. प्रत्येकाचे एक पान करा. बांधकामाचा प्रकार, पाणी जाण्याचे नळ मोकळे की तुंबलेले, कठडा शाबूत आहे का, उगवलेली झाडे, दिसणाऱ्या भेगा, उघडी सळई, मोरीच्या तोंडाशी कचरा, पुराची खूण कोठवर, अशा नोंदी मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा करा. त्याच जागेवरून दरवेळी छायाचित्र काढा. भेगेच्या टोकाला खडूने खूण करून तारीख लिहिली, तर ती वाढते आहे का हे सहा महिन्यांनी कळते. मोठ्या माणसांशिवाय जाऊ नये, पाण्यात किंवा पुलाखाली उतरू नये आणि वाहतुकीच्या रस्त्यावर थांबू नये, ही पथ्ये मात्र कडकपणे पाळा.

पुलाची ताकद किती हे विद्यार्थी ठरवू शकणार नाहीत. ते तज्ज्ञांचे काम आहे. पण तुंबलेला नळ, रुजलेला पिंपळ आणि वाढती भेग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. नोंदवहीची प्रत ग्रामपंचायतीला किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला तारखेसह द्या आणि पोच घ्या. पुढच्या वेळी त्याच पानावर काय बदलले ते लिहा. तपासणी, नोंद, निर्णय आणि काम या साखळीतील पहिल्या दोन कड्या शाळा हाताळू शकते. उरलेल्या दोन कड्यांबद्दल विचारणा करण्याचा हक्क तिला त्यातूनच मिळतो.